डॉ. ग्रिफिथ इव्हान्स : बैलांचा काळ ओळखणारा माणूस

आगमनाच्या स्मरणानिमित्त आपण जहाजांची आठवण काढतो, भरती करणाऱ्यांची काढतो, कोठ्यांची, देवळांची आणि गणपतीची काढतो. या स्मरणिकेतही त्या सगळ्यांना मानाचे पान मिळेलच. आम्ही मात्र आज एका परक्या माणसाचे चरित्र सांगणार आहोत. ते मराठी नव्हते आणि मॉरिशसचेही नव्हते. व्यवसायाने ते जनावरांचे डॉक्टर होते. पण १९०१-०२ मध्ये आपल्या बेटावर बैल, खेचरे आणि घोडे पटापट मरू लागले, तेव्हा त्या मरणाचे कारण ज्यांनी वीस वर्षे आधीच शोधून ठेवले होते ते हेच गृहस्थ. त्यांचे नाव डॉ. ग्रिफिथ इव्हान्स. आमच्या शाळांमध्ये पाश्चर आणि रोनाल्ड रॉस यांची नावे मुलांना सांगितली जातात. इव्हान्स यांचे नाव सहसा कोणी घेत नाही. ते मुलांना माहीत व्हावे एवढीच या लेखामागची इच्छा.

जन्म आणि शिक्षण

ग्रिफिथ इव्हान्स यांचा जन्म ७ ऑगस्ट १८३५ रोजी वेल्समधील मेरियोनेथ परगण्यात, समुद्रकाठच्या टाउइन या गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. मॉरिशसच्या वाचकाला हे वर्ष लक्षात ठेवणे अवघड नाही. आपल्याकडे त्याच वर्षी, १ फेब्रुवारीला, गुलामगिरी संपली. त्याच्या तीनच महिने आधी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, कंत्राटी मजूर घेऊन आलेले जहाज पोर्ट लुईसच्या बंदराला लागले होते. म्हणजे आपला इथला इतिहास आणि इव्हान्स यांचे आयुष्य जवळजवळ बरोबरच सुरू झाले.

त्यांच्या घरची आणि गावाची भाषा वेल्श. त्या काळी वेल्सच्या काही शाळांत मुलाने वेल्श शब्द उच्चारला तर त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत असत. १८४७ मध्ये सरकारी अहवालाने या भाषेला मागासलेपणाचे मूळ ठरवले आणि सारा वेल्स दुखावला गेला. ज्यांच्या आजीआजोबांची बोली शाळेच्या दाराबाहेर ठेवली गेली, त्यांना हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको. आम्ही वर्गात मराठी शिकवतो तेव्हा वेल्सची ही गोष्ट आम्हाला नेहमी जवळची वाटते.

शेतावर वाढलेल्या मुलाला जनावरांची माया होतीच. इव्हान्स लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजात दाखल झाले आणि १८५५ साली, विसाव्या वर्षी, पशुवैद्य होऊन बाहेर पडले. काही वर्षे खाजगी काम केल्यावर १८६० मध्ये ते सैन्यात तोफखान्याचे पशुवैद्य म्हणून रुजू झाले. त्या काळी तोफ ओढायला घोडा लागे आणि सामान वाहायला खेचर. घोडा आजारी पडला तर पलटण जागची हलत नसे. तरीही माणसांच्या डॉक्टरला जो मान होता, तो पशुवैद्याला नव्हता.

कॅनडातील वर्षे

१८६१ साली त्यांची पलटण कॅनडात गेली आणि ते मॉन्ट्रियल शहरात राहू लागले. शहर वाढत होते. सेंट लॉरेन्स नदीवरचा मोठा रेल्वे पूल नुकताच झाला होता. कारखाने उभे राहत होते, दूरदूरची माणसे येऊन वस्ती करत होती. लष्करी नोकरी सांभाळून इव्हान्स यांनी तिथल्या मॅकगिल विद्यापीठात माणसांच्या वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८६४ मध्ये ते एम.डी. झाले. घोड्यांचे डॉक्टर आता माणसांचेही डॉक्टर झाले. याच काळात त्यांना सूक्ष्मदर्शकाचा नाद लागला आणि तो आयुष्यभर टिकला.

त्याच वर्षी त्यांनी रजा घेऊन अमेरिकेचा प्रवास केला. तिथे गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले होते. उत्तरेच्या सैन्याच्या छावण्या, इस्पितळे आणि घोड्यांचे तबेले त्यांनी पाहिले. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचीही त्यांची भेट झाली. मॉन्ट्रियलमध्ये डंकन मॅकएकरन या पशुवैद्याशी त्यांची मैत्री जमली. मॅकएकरन यांनी १८६६ मध्ये तिथे पशुवैद्यक शाळा सुरू केली, तेव्हा इव्हान्स त्यांच्या पाठीशी होते. जनावरांचे वैद्यक आणि माणसांचे वैद्यक यांच्यात भिंत असू नये, असे या मित्रांना वाटत असे. आज जग हेच म्हणत आहे.

१८७० मध्ये ते मायदेशी परतले आणि त्यांचे लग्न झाले. त्यांची पत्नी कॅथरीन वेल्समधल्याच एका डॉक्टरांची कन्या. पुढे या दांपत्याची मुलगीही डॉक्टर झाली. मुलींना वैद्यकाची दारे नुकती कुठे उघडत होती, त्या काळातली ही गोष्ट आहे.

पंजाबातील शोध

१८७७ मध्ये इव्हान्स यांना हिंदुस्थानात पाठवण्यात आले. पंजाबात सैन्याचे घोडे एका भयंकर तापाने मरत होते. इव्हान्स यांनी मेलेल्या घोड्यांचे रक्त काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात त्यांना काड्यांसारखे जंतू दिसले. हा काळपुळीचा रोग, म्हणजे ॲन्थ्रॅक्स होता. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी याच जंतूवरचे आपले काम १८७६ मध्ये, अवघ्या वर्षभरापूर्वी, जगापुढे मांडले होते. रोग सूक्ष्म जीवांमुळे होतात हेच तेव्हा पुष्कळ मोठ्या डॉक्टरांना पटत नव्हते. दूषित हवा, घाणेरडा चारा, उष्णता अशी कारणे दिली जात.

मग आले १८८० साल. सिंधू नदीच्या काठी डेरा इस्माईल खान भागात घोडे, खेचरे आणि उंट यांच्यात एक जुना रोग पसरला होता. लोक त्याला सर्रा म्हणत. सडणे या शब्दाशी त्याचे नाते सांगतात, आणि रोगाची लक्षणे पाहिली तर नाव शोभते. जनावराला ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. खाणे चालू असूनही ते वाळत जाते. डोळ्यांच्या आतला लाल रंग फिका पडतो. पाय आणि पोटाखालचा भाग सुजतो. चालताना मागचे पाय लटपटतात आणि शेवटी जनावर बसते ते उठत नाही. पंजाब सरकारने चौकशीसाठी इव्हान्स यांना पाठवले.

त्यांनी आजारी जनावरांचे रक्त पाहिले. लाल पेशींच्या गर्दीत बारीक अळीसारखे, सापासारखे वळवळणारे जीव धावत होते. ताप चढला की ते दिसत, कधी नाहीसे होत, पुन्हा दिसत. इव्हान्स तेवढ्यावर थांबले नाहीत. आजारी जनावराचे रक्त त्यांनी निरोगी जनावराला टोचले. काही दिवसांनी त्या जनावराच्या रक्तात तेच जीव आले आणि त्यालाही सर्रा झाला. तेव्हा त्यांनी अहवालात आपले मत मांडले की हे जीवच या रोगाचे कारण आहेत.

मुलांनो, या वाक्याचे मोल समजून घ्या. याच गटातल्या जीवांमुळे आफ्रिकेत माणसांना निद्रारोग होतो आणि गुरांना नागाना होतो. पण तो शोध पुढचा आहे. हे जीव मोठ्या जनावराचा प्राण घेऊ शकतात हे जगात पहिल्यांदा दाखवले ते इव्हान्स यांनी. त्याच १८८० च्या नोव्हेंबरात अल्जीरियात लॅव्हेरान या फ्रेंच डॉक्टरांना माणसाच्या रक्तात मलेरियाचा जीव दिसला. लॅव्हेरान यांना १९०७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. इव्हान्स यांच्या वाट्याला काय आले ते आता पाहू.

न ऐकलेला सल्ला

सरकारी तज्ज्ञांना इव्हान्स यांचे म्हणणे पटले नाही. त्याला एक कारणही होते. टिमोथी लुईस या डॉक्टरांना थोडी वर्षे आधी उंदरांच्या रक्तात असेच जीव सापडले होते आणि ते उंदीर तर ठणठणीत होते. मग हेच जीव घोड्याला मारतात यावर विश्वास कसा ठेवायचा? रोगाने रक्त बिघडते म्हणून जीव दिसतात, जीवांमुळे रक्त बिघडत नाही, असा विचार तेव्हा प्रबळ होता. शिवाय हे सांगणारा माणूस घोड्यांचा डॉक्टर. अहवाल छापला गेला आणि बाजूला पडला.

आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. त्या मुलखातले उंटवाले आणि घोडेवाले फार पूर्वीपासून म्हणत होते की हा रोग मोठ्या चावऱ्या माशांमुळे येतो. पावसानंतर माशा वाढल्या की सर्राही वाढे. प्रयोगशाळेला हे सिद्ध करायला आणखी वीस वर्षे लागली. लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ च्या सुमारास हिंदुस्थानातच प्रयोग करून दाखवले की घोडमाशी आजारी जनावराचे रक्त पिताना मध्येच उठली आणि लगेच निरोगी जनावराला चावली, तर रोग तिच्या सोंडेवरून पुढे जातो. पुस्तक न वाचलेल्या माणसाचे बोलणे कधीकधी पुस्तकाच्या पुढे असते. आमच्या खेड्यांत गायी पाळणाऱ्या आज्यांनी हे वाचले असते, तर त्या नुसत्या हसल्या असत्या.

इव्हान्स यांच्या कामाची कदर पहिल्यांदा केली ती जॉन हेन्री स्टील यांनी. या ठिकाणी आपल्या मुंबईचा संबंध येतो. स्टील हेही पशुवैद्य. १८८५ मध्ये ब्रह्मदेशात खेचरांचा रोग तपासताना त्यांना तेच वळवळणारे जीव दिसले आणि त्यांनी त्या जीवाला इव्हान्स यांचे नाव दिले. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि स्टील त्याचे पहिले प्राचार्य झाले. शेजारीच बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ होते. ज्या मुंबई बंदरातून रत्नागिरीकडची आपली माणसे मॉरिशसच्या जहाजात चढली, त्याच मुंबईत जनावरांच्या रोगांचे शास्त्र शिकवले जाऊ लागले. स्टील मात्र फार जगले नाहीत. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले. शास्त्रज्ञांनी नंतर त्या जीवाचे कूळ बदलले, पण इव्हान्स यांचे नाव तसेच ठेवले. आज जगभर त्याला ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय म्हणतात.

रोग मॉरिशसला येतो

आता आपल्या बेटाकडे वळू. त्या काळात मॉरिशसमध्ये ऊस वाहायला बैलगाडी आणि खेचरांची गाडी होती. ऊस तोडला की लवकर गाळावा लागतो. तो पडून राहिला तर साखर कमी उतरते. म्हणून कापणीच्या महिन्यांत जनावर थांबले तर कारखाना थांबे. गाडीबैल, दुभती जनावरे आणि खेचरे बेटावर पुरेशी नव्हती. ती बाहेरून आणत, आणि पुष्कळशी हिंदुस्थानातून येत. ज्या समुद्रवाटेने आपले पूर्वज आले, त्याच वाटेने बैलही आले.

अशाच आणलेल्या जनावरांबरोबर १९०१-०२ मध्ये सर्रा बेटावर उतरला. इथे चावऱ्या माशांची कमी नव्हती. तबेल्यांच्या आसपास, शेणाच्या ढिगांत आणि कुजलेल्या पाचटात त्या वाढत. हिंदुस्थानात गाय-बैल हा रोग पुष्कळदा सोसून जातात, घोडे आणि उंट मरतात. मॉरिशसमध्ये मात्र बैलही मोठ्या संख्येने मेले. हजारो जनावरे गेली. कोठ्यांचे तबेले रिकामे झाले. १८६७ चा मलेरिया आणि १८९९ ची प्लेग यांनी माणसे नेली होती. आता जनावरांची पाळी आली.

मोठ्या कोठ्यांनी यावर उपाय काढला. शेतांतून कारखान्यापर्यंत हलके रूळ टाकले आणि त्यावर छोटी इंजिने चालवली. यांत्रिक वाहतुकीसाठी सरकारने कर्जेही दिली. बेटावर उसाच्या रुळांचे जे जाळे पसरले, त्याला या रोगाने मोठी गती दिली. जुन्या वाटांवर कुठे गंजलेला रूळ दिसला, तर त्यामागे मेलेले बैल आहेत हे ध्यानात ठेवावे.

पण ज्याच्याकडे भांडवल नव्हते त्याचे काय? त्याच काळात आपली माणसे कंत्राट संपवून जमिनीचे तुकडे विकत घेत होती. मोठ्या कोठ्या आपली कडेची जमीन तुकडे पाडून विकत होत्या. वर्षानुवर्षे साठवलेल्या पैशातून कोणी एक दोन आर्पां घेई, कोणी गाय बांधी, कोणी सारेत आणि बैल घेऊन भाड्याने ऊस वाही. कोकणातून आलेल्या माणसाला बैल म्हणजे घरातले माणूसच. तो बैल म्हणजे कोठीच्या सरदाराच्या हाताखालून सुटण्याची वाट होती. तो मेला की माणूस पुन्हा रोजंदारीवर जाई. सर्रा रोगाचा इतिहास लिहिताना साखरेचे आकडे लिहिले जातात. आमच्या मते या दुसऱ्या नुकसानीलाही इतिहासात जागा हवी.

१९०१ च्या अखेरीस महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेहून जाताना मॉरिशसला थांबले होते आणि मुलांना शिकवा असा सल्ला देऊन गेले, हे आपण सर्वजण जाणतो. ज्या समाजाला त्यांनी हा सल्ला दिला, त्याच्या दारातला बैल लवकरच मरणार होता. तरीही त्या समाजाने मुले शाळेत घातली. ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशी आहे.

रोगाचे नाव आणि कारण ओळखायला या वेळी उशीर लागला नाही, कारण जीव ओळखीचा होता. लॅव्हेरान यांनीही पॅरिसमध्ये मॉरिशसच्या सर्राचा अभ्यास केला. मात्र तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. आजारी जनावर वेगळे ठेवणे, मारणे आणि माशा हटवणे एवढेच उपाय होते. कामाची औषधे पुढे १९२० नंतरच्या काळात मिळाली. इव्हान्स यांच्या अहवालाकडे १८८० नंतर लगेच लक्ष गेले असते, बोटीवर चढवण्याआधी जनावरांचे रक्त तपासण्याची पद्धत पडली असती, तर कदाचित आपल्या बेटाचे एवढे नुकसान झाले नसते, असे आम्हाला वाटते.

बॅंगोर शहरातील सेवा

इव्हान्स हिंदुस्थानातून परतल्यावर काही वर्षे इंग्लंडमध्ये नोकरीत राहिले. १८९० मध्ये ते निवृत्त झाले आणि उत्तर वेल्समधल्या बॅंगोर शहरी स्थायिक झाले. मनातली कडवट गोष्ट मनात ठेवून त्यांनी नवे काम हाती घेतले.

बॅंगोर तेव्हा बदलत होते. मूळचे ते एका जुन्या कॅथेड्रलभोवतीचे लहान गाव. जवळच्या डोंगरातून निघणारी पाटी, म्हणजे छपराची स्लेट, तिथल्या बंदरातून जगभर जाई. १८४८ मध्ये आगगाडी आली. वस्ती वाढली तसे पाण्याचे आणि गटारांचे प्रश्न वाढले, आणि १८८२ मध्ये शहरात विषमज्वराची मोठी साथ आली. १८८४ मध्ये एका जुन्या खानावळीच्या इमारतीत विद्यापीठाचे कॉलेज सुरू झाले. त्यासाठी खाणीतल्या मजुरांनी आपल्या पगारातून पैसे दिले होते. पुढे १९०० ते १९०३ अशी तीन वर्षे जवळच्या पेनरिन खाणीत मोठा संप चालला, घरेदारे उपाशी राहिली, पण शिक्षणावरची त्यांची श्रद्धा गेली नाही. १९११ मध्ये टेकडीवर कॉलेजची भव्य इमारत उभी राहिली. आपल्या वडीलधाऱ्यांनी दिवसाच्या मजुरीतून बैठका उभारल्या आणि रात्री मुलांना अक्षरे शिकवली. त्या मजुरांची आणि आपल्या माणसांची जात एकच म्हणायची.

याच कॉलेजात इव्हान्स यांनी सुमारे वीस वर्षे जनावरांच्या आरोग्याचे धडे दिले. समोर बसत ती शेतकऱ्यांची मुले. गोठा कोरडा कसा ठेवावा, पाणी स्वच्छ का हवे, आजारी गाय कळपातून वेगळी का बांधावी, दुधातून माणसाला रोग कसा होतो, असे हे शिक्षण. ज्या माणसाने जगाला नवा जीव दाखवला, तो गोठ्याच्या गटारावर बोलायला कमीपणा मानत नव्हता. शहराच्या सार्वजनिक कामांतही त्यांनी भाग घेतला. वेल्श माणसाला आपल्या भूमीत शिक्षण मिळावे या चळवळीचे ते दिवस होते आणि इव्हान्स त्या वातावरणात रमले.

उशिरा आलेला मान

दरम्यान जग त्यांच्या मागून येत होते. १८९५ च्या सुमारास डेव्हिड ब्रूस यांनी दक्षिण आफ्रिकेत नागानाचे कारण तसेच जीव असल्याचे दाखवले. १९०१-०२ मध्ये आफ्रिकेत माणसाच्या रक्तातही तसे जीव सापडले. तेव्हा लोकांनी मागे वळून पाहिले आणि सगळ्यांच्या आधी एक पशुवैद्य तिथे उभा असलेला दिसला.

१९१७ मध्ये लिव्हरपूलच्या उष्ण प्रदेशीय वैद्यकाच्या संस्थेने त्यांना मेरी किंग्जली पदक दिले. तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते आणि शोधाला सदतीस वर्षे होऊन गेली होती. त्यानंतर पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने त्यांना जॉन हेन्री स्टील यांच्या नावाचे पदक दिले. ज्या मित्राने पहिल्यांदा कदर केली, त्याच्याच नावाचा सन्मान शेवटी हाती आला. वेल्स विद्यापीठानेही त्यांना सन्माननीय पदवी दिली.

ऑगस्ट १९३५ मध्ये त्यांनी वयाची शंभर वर्षे पुरी केली. त्याच वर्षी, ७ डिसेंबरला, बॅंगोर येथे त्यांचे निधन झाले. त्याच डिसेंबर महिन्यात इकडे पोर्ट लुईसमध्ये आपल्या समाजाने हिंदी लोकांच्या आगमनाची शताब्दी साजरी केली.

आमच्या मुलांसाठी

इव्हान्स हे साम्राज्याच्या सैन्याचे नोकर होते, हे आम्ही विसरत नाही. ज्या घोड्यांना त्यांनी वाचवायचे होते, ते हिंदुस्थान ताब्यात ठेवण्यासाठीच होते. पण माणसाच्या हातून घडलेले चांगले काम त्याच्या धन्यापुरते राहत नाही. आज आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत जिथे जिथे सर्रा होतो, तिथला गरीब उंटवाला आणि म्हैसवाला त्या कामाचा वाटेकरी आहे.

आपल्या गावांतले गोठे आता कमी झाले. पूर्वी ज्या घरात पहाटे गाय दोहली जाई, तिथे आता डब्यातली दुधाची पूड आहे. ज्या मुलांनी बैल फक्त चित्रात पाहिला, त्यांना कोणी तरी सांगायला हवे की आपल्या पणजोबांचे स्वातंत्र्य एकेकाळी चार पायांवर उभे होते. त्या चार पायांना काय झाले ते शोधणारा एक माणूस दूर सिंधूकाठी काचेवरच्या रक्ताच्या थेंबावर वाकून बसला होता. त्याचे कोणी ऐकले नाही, तरी त्याने पाहिलेले नाकारले नाही आणि पुढची वीस वर्षे शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवण्यात घालवली. आपल्या मुलांपैकी एखाद्याने मोठेपणी पशुवैद्य व्हावे आणि मराठीतून आपल्या आजीला गायीचा आजार समजावून सांगावा, अशी आमची प्रार्थना आहे.